अंतराळवीरांच्या सह्या आणि वर जाऊन आलेल्या वस्तू जमवायच्यात? मग आधी हे वाचा

माझ्याकडे अपोलो ११ च्या तिघांच्या सह्या असलेला एक फोटो आहे आणि तो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय, कारण त्यातली एकही सही माणसाने केलेली नाही.

पैसे मोजून घेतलेला फोटो आहे बरं का, सर्टिफिकेट होतं, चमचमणारं होलोग्रामचं स्टिकर होतं, विकणारा गोड बोलत होता. सहा-सात महिन्यांनी एका जुन्या ऑक्शन कॅटलॉगमध्ये दुसऱ्याच कुणाचा तरी तसाच फोटो दिसला, म्हणून सहज माझ्या फोटोचा स्कॅन स्क्रीनवर त्याच्यावर ठेवून पाहिला तर आर्मस्ट्राँगची सही रेघेवर रेघ बसली. अगदी शेवटच्या शेपटासकट. माणूस आयुष्यात दोनदा हुबेहूब एकसारखी सही करू शकत नाही, मशीन करतं. त्या मशीनला ऑटोपेन म्हणतात आणि १९६० च्या दशकात अंतराळवीरांना पोत्याने पत्रं यायची तेव्हा नासाने हे मशीन सर्रास वापरलं. नासाने कुणाला फसवलं नाही, लोकांनी फोटो मागितला, त्यांनी फुकट पाठवला. फसवणूक नंतर होते, तोच फोटो कुणीतरी 'हाताने केलेली सही' म्हणून विकतो तेव्हा.

तर या छंदात नवीन येणाऱ्याला मी एकच गोष्ट परत परत सांगतो, की वस्तूकडे नंतर बघा, आधी तिच्यासोबतचा कागद बघा. चंद्रावर जाऊन आलेला कापडी झेंडा आणि दुकानातून आणलेला झेंडा शेजारी ठेवले तर डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही, तुम्ही जे पैसे देता ते त्या कागदातल्या साखळीचे देता, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे आली त्या नोंदीचे.

पायरी १: नेमकं काय जमवायचंय ते ठरवा

दोन वेगळे छंद आहेत हे, लोक एकत्र करतात. एक सह्यांचा, दुसरा 'फ्लोन' वस्तूंचा, म्हणजे खरंच वर जाऊन आलेल्या. दोन्हींचं एकत्र म्हणजे वर गेलेल्या वस्तूवर त्याच अंतराळवीराने 'ही माझ्यासोबत होती' असं लिहून केलेली सही, आणि तिथे किंमत एकदम उडी मारते.

फ्लोनमध्येही उतरंड आहे. सगळ्यात वर चंद्राच्या जमिनीवर उतरलेली वस्तू, म्हणजे लूनर मॉड्यूलमधून खाली गेलेली. त्याखाली चंद्राभोवती फिरून आलेली, जी कमांड मॉड्यूलमध्येच राहिली. मग पृथ्वीभोवती फिरलेली. आणि सगळ्यात खाली ट्रेनिंगची, सुटे भाग, बॅकअप, जी कधी उडालीच नाही. अपोलो ११ चं उदाहरण घ्या, 'ईगल' या लूनर मॉड्यूलमधली वस्तू आणि 'कोलंबिया' या कमांड मॉड्यूलमधली वस्तू एकाच मोहिमेतल्या, पण किंमतीत जमीन-अस्मानाचा फरक (इथे तर शब्दशः).

जाहिरातीतले शब्द नीट वाचा. 'फ्लाइट क्वालिफाइड' म्हणजे उडायच्या लायकीची, उडालेली नव्हे. 'फ्लाइट टाइप', 'फ्लाइट स्पेअर' तसंच. 'मोहिमेशी संबंधित' याचा अर्थ शून्य. वर्णनात कुठेही सरळ 'फ्लोन' आणि सोबत मोहिमेचं नाव नसेल तर ती गेलेली नाही असंच धरून चाला.

पायरी २: स्वस्तातून सुरुवात, पण खऱ्या मालातून

पहिल्याच फटक्यात आर्मस्ट्राँगची सही घ्यायला जाऊ नका. खालच्या गोष्टी बऱ्यापैकी स्वस्त मिळतात आणि यातून डोळा तयार होतो.

एसटीएस-८ या शटल मोहिमेचं टपालाचं पाकीट. १९८३ मध्ये अमेरिकन पोस्टाने आणि नासाने मिळून सुमारे २,६०,००० पाकिटं चॅलेंजर शटलमधून वर पाठवली, त्यावर ९ डॉलर ३५ सेंटचं तिकीट होतं आणि परत आल्यावर ती पोस्टानेच १५ डॉलर ३५ सेंटला लोकांना विकली. इतकी आहेत की बनावट करायला कुणाला परवडतही नाही. मजेची गोष्ट म्हणजे उड्डाण पुढे ढकललं गेलं, त्यामुळे पाकिटावर १४ ऑगस्टचा शिक्का आणि प्रत्यक्षात शटल उडालं ३० ऑगस्टला. नवख्याला वाटतं तारीख चुकली म्हणजे नकली, उलट तीच तर खरी.

दुसरं, मॅन्ड फ्लाइट अवेअरनेसचे बिल्ले. अपोलो ११ नंतर अपोलो प्रोग्रामवर काम करणाऱ्या लोकांना वाटले होते, त्या धातूमध्ये कोलंबिया आणि ईगल यानांतला थोडा धातू वितळवून मिसळलाय. बिल्ला स्वतः वर गेलेला नाही, त्यातला धातू गेलाय, हा फरक विकणारे सोयीस्कर विसरतात.

तिसरं, कॅप्टन फॉइल. म्हणजे नाव कॅप्टॉन, पण माझा फोन दर वेळी कॅप्टन करतो, असो. कमांड मॉड्यूलच्या बाहेरून लावलेली चकचकीत प्लास्टिकची फिल्म, यान समुद्रात पडल्यावरही तिचे तुकडे चिकटून राहिलेले असायचे, ते काढून नंतर कुणी कार्डावर, कुणी पारदर्शक ठोकळ्यात बसवून विकले. नखाएवढा तुकडा असतो. इथे कागदाची साखळी सगळ्यात महत्त्वाची, कारण चॉकलेटच्या चांदीसारखा दिसणारा तुकडा कुठूनही कापता येतो. तुकडा मूळ कोणत्या मोठ्या शीटमधून कापला, ती शीट कुणाकडे होती, हे लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

आणि चौथं, माझं सगळ्यात लाडकं, लाल नंबरचे जुने नासा प्रिंट. त्या काळात छापलेल्या फोटोंच्या पांढऱ्या कडेवर लाल शाईत नासाचा नंबर असतो, मागे बऱ्याचदा 'ए कोडॅक पेपर' असा फिकट वॉटरमार्क. सही नाही, फ्लोन नाही, पण त्या वेळचा कागद हातात येतो आणि पुढे नकली कागद ओळखायला हाच कागद मास्तर होतो.

पायरी ३: सही तपासणं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, त्याशिवाय पुढे वाचू नका. चार प्रकारचं खोटं असतं.

छापील सही: नासाच्या कितीतरी लिथोंवर (वाटण्यासाठी छापलेल्या फोटोंवर) सही फोटोसोबतच छापून आलेली असते. भिंगातून बघितलं की शाईच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. प्रकाशात तिरकं धरा, खरी शाई कागदावर वेगळी चमकते, छापील सही फोटोच्याच पातळीत असते.

ऑटोपेन: रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, दाब कुठे कमी-जास्त नाही. माणूस सही करताना पेन आधीच हलत येतं आणि हलतच उचललं जातं त्यामुळे टोकं निमुळती होतात, मशीन पेन टेकवतं, मग चालू होतं, थांबतं, मग उचलतं, म्हणून दोन्ही टोकांना ठिपका दिसतो. सरळ रेघांमध्ये बारीक थरथर असते. पण खात्रीचा उपाय तोच, एकावर एक ठेवून बघणं. एकेका अंतराळवीराचे अनेक पॅटर्न (मशीनमधले सहीचे साचे) होते, ते जमवलेले संग्रह ऑनलाइन मिळतात, डाउनलोड करून फोल्डर बनवा. माझा कपाटातला फोटो त्या फोल्डरमधला पहिला.

सेक्रेटरीची सही: ऑफिसातल्या कुणीतरी हाताने केलेली. ही सगळ्यात त्रासदायक कारण शाई खरी, काळ खरा, दाब खरा, फक्त हात दुसऱ्याचा. इथे एकच इलाज, त्या माणसाच्या खात्रीच्या सह्या ढिगाने बघून डोळा बसवणं.

आणि सरळसरळ बनावट. आर्मस्ट्राँगने १९९४ मध्ये सह्या द्यायचं बंद केलं, कारण लोक सह्या विकत होते आणि बनावटांचा सुळसुळाट झाला होता. २०१२ मध्ये तो गेला. त्यामुळे पांढऱ्या स्पेससूटमधला त्याचा फोटो, त्यावर कुणाचंही नाव न लिहिता नुसती सही, हा बाजारातला सगळ्यात जास्त नकली बनणारा प्रकार. नाव घालून केलेली सही थोडी स्वस्त मिळते कारण लोकांना दुसऱ्याचं नाव भिंतीवर नको असतं, पण माझं मत उलटं आहे, मी नाव असलेलीच घेतो. बनावट करणाऱ्याला चार शब्द जास्त लिहायला लागले की तो चार जागी जास्त चुकतो.

तारखा जुळवा. हे इतकं साधं आहे आणि कुणीच करत नाही. गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी हे तिघं २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या आगीत गेले. अमेरिकेचं 'चंद्रावर पहिला माणूस'वालं १० सेंटचं तिकीट आलं सप्टेंबर १९६९ मध्ये. त्या तिकिटाच्या पाकिटावर ग्रिसमची सही असेल तर ती भुताने केलीय. अपोलो १३ च्या तिघांपैकी जॅक स्विगर्ट डिसेंबर १९८२ मध्ये वारला, म्हणून अपोलो १३ च्या १९९५ च्या सिनेमाच्या पोस्टरवर तिघांच्याही सह्या असूच शकत नाहीत. शार्पी मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला, त्यामुळे '१९६१ मध्ये माझ्यासमोर केली' अशी गोष्ट सांगून शार्पीची सही कुणी दाखवली तर हसून निघून या.

तज्ज्ञाचं मत घ्यायचं तर अंतराळाच्याच सह्या बघणाऱ्याकडे जा. जरेली स्पेस ऑथेंटिकेशन हे या क्षेत्रातलं ठरलेलं नाव, मोठे ऑक्शनवालेही त्यांचं पत्र जोडतात. खेळाडूंच्या सह्या दिवसभर तपासणाऱ्याला ऑटोपेनचे पॅटर्न पाठ असतीलच असं नाही. आणि विकणाऱ्याने स्वतःच दिलेलं 'आजीवन गॅरंटी' सर्टिफिकेट म्हणजे स्वतःच स्वतःच्या पेपरावर दिलेले मार्क.

पायरी ४: 'फ्लोन' असल्याचा पुरावा

वस्तू वर कशी गेली, हे आधी समजून घ्या. अंतराळवीरांना एक छोटी पिशवी मिळायची, पर्सनल प्रेफरन्स किट, त्यात झेंडे, बिल्ले, नाणी, घरच्यांसाठी काहीबाही. दुसरी ऑफिशियल फ्लाइट किट, ती नासाची, देण्या-घेण्यासाठीच्या वस्तूंची. तिसरा प्रकार म्हणजे यानातलंच सामान, चेकलिस्टची पानं, क्यू कार्डं (सूचना लिहिलेली कार्डं), पट्टे, अवजारं, जे मोहीम संपल्यावर अंतराळवीरांनी आठवण म्हणून ठेवलं.

रॉबिन्स मेडल हे पहिल्या प्रकारातलं सोनं (असतं चांदीचं बहुतेक). १९६८ च्या अपोलो ७ पासून प्रत्येक मोहिमेसाठी मॅसॅच्युसेट्समधल्या रॉबिन्स कंपनीने बनवलेलं, अंतराळवीर स्वतःच्या पैशाने घ्यायचे, प्रत्येकावर नंबर. अपोलो ११ सोबत सुमारे ४५० चांदीची गेली. परत आल्यावर मागे तारखा कोरल्या जायच्या, म्हणून तारखेच्या जागा कोऱ्या असतील तर थांबा आणि विचारा. नंबर मिळाला की जुन्या ऑक्शनच्या नोंदींत शोधा, तोच नंबर आधी दुसरीकडे विकला गेलेला दिसला तर दोन्ही फोटोंमधले ओरखडे जुळवा.

चेकलिस्टच्या पानांचं गणित वेगळं. मोहिमेचं अख्खं पुस्तक फोडून एकेक पान विकलं जातं, वाईट वाटतं पण त्यामुळेच आपल्याला परवडतं. पुस्तकांवर 'एसकेबी'ने सुरू होणारा पार्ट नंबर असतो, उपकरणांवर 'एसईबी'. नासाच्या स्टोएज लिस्ट, म्हणजे कुठली वस्तू यानात कुठल्या खणात होती त्याच्या याद्या, त्यांच्याशी नंबर ताडून बघता येतो. पण हे लक्षात ठेवा की पार्ट नंबर जुळला म्हणजे नमुना जुळला, ट्रेनिंगच्या प्रतीवरही तोच पार्ट नंबर असतो. सीरियल नंबर जुळला पाहिजे. एकदा एका क्यू कार्डाच्या मागे वेल्क्रोचा चौकोन बघितला होता मी, कडा काळवंडलेल्या, डिंक पिवळा पडलेला, हे कार्ड कुणीतरी पॅनेलवर चिकटवून परत उचकटलं होतं हे हाताला कळत होतं. तरी नाही घेतलं, कारण सोबत पत्रच नव्हतं. अजून आठवलं की चुटपुट लागते.

पत्र कसं असावं? अंतराळवीराच्या सहीचं, आणि त्यात वस्तूचं नाव, मोहीम, ती चंद्रावर उतरली की वरच राहिली, नंबर असेल तर नंबर, आणि तेव्हापासून ती त्याच्याच ताब्यात होती हे वाक्य. 'माझ्या संग्रहातून' एवढंच लिहिलं असेल तर त्यात 'फ्लोन' कुठेच नाही, वाचा परत. उत्तम म्हणजे वस्तूवरच त्याच्या हातची ओळ. आर्मस्ट्राँगच्या कुटुंबाचा संग्रह २०१८ पासून हेरिटेजच्या ऑक्शनमध्ये आला तेव्हा वस्तू सीलबंद प्लास्टिकच्या डबीत लेबल लावून विकल्या गेल्या, ती डबी फोडू नका.

एक गोंधळ हमखास होतो, इन्शुरन्स कव्हर. अपोलो ११ च्या तिघांनी उड्डाणाआधी पाकिटांवर सह्या करून ठेवल्या, आपण परत आलो नाही तर घरच्यांनी ती विकून गुजराण करावी म्हणून. ती पाकिटं जमिनीवरच राहिली, वर गेली नाहीत! वर गेलेली वेगळी, त्यांच्यावर क्वारंटाइनमुळे उशीर झाल्याचा रबरी शिक्का आहे. इन्शुरन्स कव्हरची किंमत फ्लोन असण्याची नाही, उड्डाणाआधी तिघं कशासाठी सह्या करत होते त्याची आहे.

पायरी ५: कायदा, हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा

अपोलोने आणलेले चंद्राचे दगड-माती (एकूण ३८२ किलो) अमेरिकन सरकारच्या मालकीचे, खाजगीत विकत घेता येत नाहीत. कुणी टेपला चिकटलेली 'अपोलोची धूळ' विकत असेल तर नकली असेल तर पैसे गेले आणि खरी असेल तर भानगड. कायदेशीर अपवाद फार थोडे. सोव्हिएत लूना १६ यानाने आणलेले तीन कण रॉकेटचा मुख्य डिझायनर कोरोल्योव्ह याच्या विधवा पत्नीला भेट मिळाले होते, ते १९९३ मध्ये सोदबीजच्या लिलावात ४,४२,५०० डॉलरला आणि २०१८ मध्ये ८,५५,००० डॉलरला गेले. अपोलो ११ ची नमुन्यांची पिशवी २०१५ मध्ये सरकारच्याच लिलावात ९९५ डॉलरला गेली, घेणाऱ्याने ती तपासायला नासाकडे पाठवली, नासा परत देईना, कोर्टात गेल्यावर मिळाली आणि २०१७ मध्ये १८ लाख डॉलरला विकली गेली. तुम्हाला चंद्र हवाच असेल तर चंद्रावरून आलेली उल्का घ्या, ती सरळ विकत मिळते.

वस्तूंचं म्हणाल तर २०११ मध्ये जिम लॉवेलची अपोलो १३ ची चेकलिस्ट ३,८८,३७५ डॉलरला गेल्यावर नासाने मालकीचा प्रश्न काढला आणि सगळ्यांची झोप उडाली. सप्टेंबर २०१२ मध्ये कायदा झाला, मर्क्युरी, जेमिनी, अपोलो ते १९७५ च्या अपोलो-सोयूझपर्यंतच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या वस्तू त्यांच्याच, दगड-माती सोडून. शटलला हा कायदा लागू नाही. म्हणून शटलचं यंत्रसामान घेताना सरकारी भंगार-विक्रीचा कागद मागा, 'काका तिथे कामाला होते' हा कागद नाही.

अपोलो १५ च्या पाकिटांबद्दल विचारतात लोक. अंतराळवीरांनी जवळपास ४०० पाकिटं परवानगीशिवाय नेली, त्यातली १०० एका जर्मन व्यापाऱ्याने विकली, तिघांना उड्डाणाच्या यादीतून काढलं. नासाने जप्त केलेली १९८३ मध्ये परत दिली. त्यामुळे आज ती बाळगणं बिनधोक आहे, आणि बदनामीमुळेच महाग.

पायरी ६: विकत घेणं

हेरिटेज, आरआर ऑक्शन, बोनहॅम्स, सोदबीज, यांचे जुने निकाल फुकट बघता येतात, बोली लावायच्या आधी महिनाभर नुसते तेच चाळा. हातोडा पडतो त्या रकमेवर ऑक्शनवाल्याचं कमिशन चढतं, साधारण पाव भाग धरा, वर शिपिंग, विमा, कस्टम. जो आकडा डोक्यात आहे तो यातून उलटा काढा आणि तिथे थांबा.

निवृत्त अंतराळवीर कार्यक्रमांत किंवा पोस्टाने पैसे घेऊन सह्या देतात, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. १९८४ मध्ये मर्क्युरीवाल्यांनी सुरू केलेलं अॅस्ट्रोनॉट स्कॉलरशिप फाउंडेशनही सही केलेल्या वस्तू विकतं, पैसा शिष्यवृत्तीत जातो. नोकरीत असलेल्यांना पत्र लिहिलं तर फोटो फुकट येतो, बऱ्याचदा छापील किंवा ऑटोपेन, तक्रार करू नका, फुकट आहे.

पायरी ७: घरी आल्यावर

काही पुसू नका. धूळ, डाग, वेल्क्रोचे धागे, हेच तर पैसे दिलेत तुम्ही. चंद्रावर जाऊन आलेल्या आणि नंतर चित्रकार झालेल्या ॲलन बीनने आपल्या स्पेससूटवरच्या बिल्ल्यांचे धुळीने मळलेले बारीक तुकडे स्वतःच्या चित्रांच्या रंगात मिसळले होते, एवढी त्या मळाची किंमत. बीटा क्लॉथचे बिल्ले काचेच्या धाग्याचे असतात, घड्या घालू नका, कडा झडतात.

सह्यांना ऊन नको, मार्करची शाई तर उन्हात फिकी पडते. युव्ही थांबवणारी काच, आम्लरहित कागद, लॅमिनेशन अजिबात नाही. मूळ पत्र वेगळं, अंधारात ठेवा आणि भिंतीवर त्याची झेरॉक्स लावा. ऑक्शनच्या पानाचे स्क्रीनशॉट लगेच काढा, पानं गायब होतात.

आणि फ्रेमवाल्याकडे वस्तू ठेवून घरी जाऊ नका, समोर उभे राहा. मी एकदा गेलो. परत आलो तर त्याने लाल नंबरच्या प्रिंटची पांढरी कड 'फ्रेममध्ये बसत नव्हती' म्हणून सरळ पट्टीने कापून टाकली होती, नंबर कचऱ्याच्या डब्यात होता, कसाबसा शोधून काढला. आता तो एका छोट्या पाकिटात फोटोच्या मागे आहे.